चोराची भीती की विसराळूपणाची?

पहिलं क्रिप्टो वॉलेट घ्यायचं ठरवलेला माणूस एकच प्रश्न घेऊन येतो, "कुठलं घेऊ?" त्याला नाव हवं असतं. नाव सांगितलं की तो अ‍ॅप डाउनलोड करतो, 'नवं वॉलेट तयार करा' दाबतो, पडद्यावर आलेल्या बारा इंग्रजी शब्दांचा स्क्रीनशॉट मारतो आणि मोकळा होतो. नाव सांगायला माझी ना नाही. पण एकदा नाव हाती पडलं की पुढचं कोणी ऐकत नाही, म्हणून हल्ली मी आधी उलटा प्रश्न टाकते: तुझ्या हातून वस्तू हरवतात, की तू गोड बोलणाऱ्याला भुलतोस?

समोरच्याला हे खवचट वाटतं. वाटू दे. इथे पैसे जाण्याचे रस्ते पुष्कळ दिसले तरी मुळात दोनच आहेत. एक तर वॉलेटची चावी तुमच्याकडून हरवते, नाहीतर ती दुसऱ्याच्या हाती लागते. आणि पंचाईत अशी की एका रस्त्यावर अडसर घातला की दुसरा आपोआप रुंद होतो. चावीच्या पाच प्रती करून पाच ठिकाणी ठेवल्या तर हरवायची धास्ती कमी, पण चोराला पाच दारं. एकच प्रत ठेवली आणि तीही अवघड पासवर्डाआड, तर चोर हात चोळत बसेल, आणि कदाचित तुम्हीही. बाजारातलं प्रत्येक वॉलेट या दोन भीतींपैकी एक कमी करतं आणि दुसरी थोडी वाढवून देतं. तेव्हा आपली कुठली मोठी हे ठाऊक नसताना नावांची तुलना करत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

वॉलेटमध्ये नाणी नसतात, हे एव्हाना बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं असतं, पण मनात मुरलेलं नसतं. कोणत्या पत्त्यावर, म्हणजे खाते क्रमांकासारख्या अक्षर-आकड्यांच्या ओळीवर, किती शिल्लक आहे याची नोंद ब्लॉकचेनवर असते, आणि ती जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी लिहिलेली असते. वॉलेटकडे असते ती खासगी चावी, म्हणजे एक अगडबंब संख्या. बिटकॉइन आणि इथेरियममध्ये ती २५६ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या २५६ घरांची, असते. आपल्या नेहमीच्या अंकांत लिहायची झाली तर ७८ आकड्यांपर्यंत जाते. त्या चावीने सही झाली की व्यवहार झाला. सही राजीखुशीने केली, झोपेत केली की कोणी गळ्यावर सुरी ठेवून करवून घेतली, याची चौकशी होत नाही. दाद मागायला खिडकी नाही आणि 'पासवर्ड विसरलात?' अशी निळी ओळही नाही. ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे नोंदींचा पहिला गठ्ठा, तयार झाला तेव्हापासून हा नियम आहे तसाच आहे. ज्यांना बिटकॉइन आवडतं त्यांना ते बहुतेक याच कारणासाठी आवडतं, आणि ज्यांना त्याची धडकी भरते त्यांनाही याच कारणासाठी.

एवढ्या मोठ्या संख्येचा कोणी अंदाज बांधेल, ही नवख्यांची आवडती चिंता. ती खुशाल सोडून द्यावी, पण एका अटीवर: संख्या निवडताना कुठलाही ठरावीकपणा शिरलेला नसावा. २०२३ मध्ये 'मिल्क सॅड' नावाने एक भानगड उजेडात आली. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर हे तसं जाणत्यांचं हत्यार. त्याच्या ३ क्रमांकाच्या आवृत्त्या नवी चावी बनवताना संगणकाच्या घड्याळाचा आधार घेत होत्या, आणि त्यातून मिळणारी अनिश्चितता जेमतेम ३२ बिटांची होती. म्हणजे शक्यता उरल्या सुमारे ४३० कोटी. ऐकायला पुष्कळ, पण साध्या संगणकाला त्या एकेक करून तपासणं जड नाही, आणि चोरांनी तेच केलं. घड्याळ शून्यावर धरून तो प्रोग्राम चालवला की निघणाऱ्या शब्दांतले पहिले दोन 'मिल्क' आणि 'सॅड', म्हणून हे नाव. अशी चावी तुम्ही पोलादात कोरून तिजोरीत ठेवली असती तरी काही उपयोग नव्हता.

यावरून मी नवख्यांना सांगते की कालपरवा उगवलेल्या चकचकीत अ‍ॅपच्या नादी लागू नका. कोड उघडा, म्हणजे कोणालाही वाचता येईल असा असावा, काही वर्षं वापरात असावं, सापडलेल्या चुका जाहीरपणे कबूल करून दुरुस्त केल्याचा इतिहास असावा. बिटकॉइनसाठीचं इलेक्ट्रम २०११ पासून आहे, इथेरियमवरचं मेटामास्क २०१६ पासून. लिबबिटकॉइनसुद्धा उघड्या कोडचं आणि जुनंच होतं, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण कोड उघडा होता म्हणून तर चोरी झाल्यावर बाहेरच्या लोकांना नेमकी ओळ शोधून दाखवता आली. बंद कोडच्या अ‍ॅपमध्ये तेवढंही होत नाही; तिथे कंपनी सांगेल ते कारण.

आणि हो, कुठलं नाणं घ्यायचं हे आधी ठरवा. फक्त बिटकॉइन सांभाळणाऱ्या वॉलेटमध्ये इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, बसत नाही. सगळी नाणी सांभाळणारं वॉलेट सोयीचं दिसतं, पण जितकी दारं तितके बिजागर. पहिल्या वेळी एकच नाणं आणि त्या नाण्यापुरतं वॉलेट, हे माझं मत. लोकांना ते कंजूष वाटतं.

आता ते बारा शब्द.

७८ आकडी संख्या कागदावर उतरवणं हे माणसाचं काम नाही. एक आकडा इकडचा तिकडे झाला की संपलं. म्हणून २०१३ मध्ये बीआयपी-३९ नावाची पद्धत पुढे आली. त्यात २०४८ इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे, 'अबँडन'पासून 'झू'पर्यंत. यादी मोठ्या विचाराने केलेली आहे: कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, त्यामुळे चारच अक्षरं नीट वाचता आली तरी शब्द ओळखता येतो. वॉलेट आधी यदृच्छेने बिट गोळा करतं, मग त्यांचे या यादीतले शब्द करतं, आणि याच शब्दांतून पुढे चाव्या काढतं. बारा शब्द म्हणजे १३२ बिट. त्यातले १२८ खऱ्या गुपिताचे आणि ४ पडताळणीचे. हे पडताळणीचे बिट शेवटच्या शब्दात असतात, म्हणून शेवटचा शब्द मनाने घालता येत नाही. मधला एखादा शब्द उतरवताना यादीतलाच दुसरा लिहिला गेला, तर सोळापैकी साधारण पंधरा वेळा वॉलेट ती चूक पकडतं.

पण केव्हा पकडतं? शब्द परत भरताना. लिहिताना तुमच्या कागदाकडे कोणीच पाहत नसतं. तुम्ही आज चुकीचा शब्द लिहिलात, तर ते कळायचा दिवस म्हणजे फोन पाण्यात पडल्याचा दिवस.

माझी आत्या आयुष्यभर हिशेबाच्या कामात होती. तिने वॉलेट घ्यायचं ठरवलं तेव्हा कागद आखून, एक ते बारा क्रमांक घालूनच ती बसली. शब्द ठळक, सुट्ट्या, मोठ्या अक्षरांत लिहिले. मग अ‍ॅपने चौथा आणि नववा शब्द विचारला. तिने ते सांगितले आणि अ‍ॅपवर विश्वास नसल्यासारखे उरलेले दहाही पडद्याशी ताडून लाल पेनने टिचक्या केल्या. पैसे घ्यायचा पहिला पत्ता उघडला, तो 'बीसी१क्यू'ने सुरू होणारा, आणि मी तिला तो दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायला लावला. त्यावर अगदी किरकोळ रक्कम मागवली. ती आली.

"आता अ‍ॅप उडव," मी म्हणाले.

"अगं, आत्ताच तर पैसे आले!"

"म्हणूनच."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते ठकसेन ज्यांच्याबद्दल तिला सावध केलं गेलं होतं. पण उडवलं. पुन्हा डाउनलोड केलं, 'नवं वॉलेट' सोडून 'जुनं परत आणा' निवडलं आणि कागदावरून शब्द भरायला घेतले. पहिली तीन-चार अक्षरं टाइप केली की अ‍ॅप उरलेला शब्द सुचवत होतं. ती मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतः टाइप करत होती. बारावा शब्द भरला आणि पडद्यावर ती किरकोळ रक्कम परत दिसली. तिने रकमेकडे पाहिलंच नाही. दुसरा कागद काढला, पत्ता अक्षर-अक्षर जुळवला, आणि मग म्हणाली, "म्हणजे पैसे या फोनमध्ये नाहीतच." मी आधी हेच दहा वाक्यांत समजावलं होतं, तेव्हा ती नुसती मान हलवत होती.

माझ्या मते वॉलेटची परीक्षा एवढीच. ज्या वॉलेटमध्ये तुम्ही स्वतः, कोणाच्या मदतीशिवाय, पुसून परत आणण्याची ही रंगीत तालीम करू शकता ते तुमच्यासाठी चांगलं. जिथे तालीम करताना हात थरथरतात, पर्याय कळत नाहीत, ते कितीही नावाजलेलं असो, तुमचं नाही. तालमीत कधीकधी एक गंमतही होते: शब्द बरोबर असून शिल्लक शून्य दिसते. घाबरून जायचं कारण नाही. एकाच बीजातून, म्हणजे त्याच शब्दांतून, वेगवेगळ्या वाटांनी पत्ते निघतात. बिटकॉइनचे काही '१'ने सुरू होतात, काही '३'ने, काही 'बीसी१'ने. एका वॉलेटचे शब्द दुसऱ्यात भरले आणि दोघांच्या वाटा वेगळ्या असल्या की पैसे असूनही दिसत नाहीत. इलेक्ट्रम तर मुळात स्वतःच्याच पद्धतीचे शब्द देतं, ते बीआयपी-३९ चे नाहीत. म्हणून कागदावर शब्दांबरोबर वॉलेटचं नावही लिहावं. एवढी एक ओळ लिहायचा लोकांना का कंटाळा येतो, कोण जाणे.

कागद कुठे ठेवायचा यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. कुठे ठेवायचा नाही, ते लवकर सांगता येतं. फोनच्या गॅलरीत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी 'स्पार्ककॅट' नावाचा घातक कोड दाखवून दिला. तो गूगल आणि अ‍ॅपल दोघांच्याही अधिकृत अ‍ॅप स्टोअरमधल्या अ‍ॅपांत शिरला होता, आणि त्याचं काम म्हणजे गॅलरीतल्या फोटोंतला मजकूर वाचून वॉलेटचे शब्द हुडकणं. ईमेलच्या ड्राफ्टमध्ये नाही, स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये नाही, आणि 'मदत केंद्रा'तून फोन करणाऱ्या गोड आवाजाच्या कानात तर मुळीच नाही. ते शब्द मागणारा माणूस कोणीही असो, कुठल्याही कंपनीचं नाव सांगो, तो चोर आहे. याला अपवाद मला तरी माहीत नाही.

हरवण्याच्या कहाण्या बहुतेकांना ऐकून ठाऊक असतात. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यातल्या चावीवर सुमारे ८,००० बिटकॉइन होते. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं नगर परिषदेच्या मागे लागला, कोर्टात गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. स्टीफन थॉमस या प्रोग्रामरची चावी आयर्नकी नावाच्या पेनड्राइव्हवर होती. तो पेनड्राइव्ह दहाच वेळा पासवर्ड चुकवू देतो, मग स्वतःला कायमचा बंद करून घेतो. त्याची गोष्ट २०२१ मध्ये छापून आली तेव्हा आठ प्रयत्न झाले होते आणि आत ७,००२ बिटकॉइन होते. हॉवेल्सची लोक कीव करतात, थॉमसला हसतात. मला थॉमसची गोष्ट अधिक भिववते. त्याने काहीच टाकून दिलं नव्हतं. पक्की कुलूपबंद, चोरापासून शंभर टक्के सुरक्षित अशी वस्तू निवडली, आणि ती त्याच्यापासूनही सुरक्षित राहिली.

म्हणूनच पासफ्रेज, ज्याला हौशी मंडळी 'पंचविसावा शब्द' म्हणतात, तो मी नवख्याला सुचवत नाही. बारा किंवा चोवीस शब्दांवर आपल्या मनातलं आणखी एक गुपित जोडायचं, अशी ती सोय. कागद चोराला मिळाला तरी पासफ्रेजशिवाय पैसे निघत नाहीत. पण यात 'चुकीचा पासवर्ड' असा संदेश कधीच येत नाही. कुठलीही पासफ्रेज भरा, एक वॉलेट उघडतंच. चुकीची भरली तर ते रिकामं असतं. एक जादा स्पेस पडली, पहिलं अक्षर मोठं की लहान हे विसरलं, की तुम्ही आपल्याच घराशेजारच्या रिकाम्या घरात उभे.

उलट बाजूला एक्सचेंज, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी. चावी त्यांच्याकडे, तुमच्याकडे लॉगिन. विसरलात तर ओळखपत्र दाखवून परत शिरता येतं, म्हणजे पहिली भीती जवळजवळ मिटते. दुसरी तुम्ही त्यांच्या स्वाधीन करता. टोकियोतलं माउंट गॉक्स फेब्रुवारी २०१४ मध्ये कोसळलं तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइनचा ठावठिकाणा नव्हता. त्यातले दोनेक लाख नंतर सापडले, पण धनकोंना बिटकॉइनमध्ये परतफेड सुरू व्हायला २०२४ चा जुलै उजाडला. एफटीएक्स नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडालं, त्याचा संस्थापक सॅम बँकमन-फ्राइडला २५ वर्षांची शिक्षा झाली. यावर क्रिप्टोवाल्यांची घोषणा ठरलेली: चावी तुमची नाही, तर नाणंही तुमचं नाही. घोषणा खरी आहे, पण ती देणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्याच्या घरातला कागद कधी हरवला हे पाहायला थांबत नाहीत. ज्याला स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड दर महिन्याला नव्याने करावा लागतो, त्याने शिकत असताना थोडी रक्कम नामांकित एक्सचेंजवर ठेवली म्हणून त्याला कोणी हिणवू नये. रक्कम वाढली की मग चावी स्वतःकडे घ्यावी, हा क्रम मला शहाणा वाटतो. दोन्ही पायऱ्या एकाच दिवशी चढायला कोणी सांगितलेलं नाही.

फोनवरचं वॉलेट कडेकोट कुलूप आणि एक्सचेंज या दोहोंच्या मध्ये. चावी तुमची, पण ती इंटरनेटला जोडलेल्या उपकरणात राहते. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनवरच्या हजारो लोकांचे पैसे एका रात्रीत निघून गेले. शोध घेताना धागा स्लोप नावाच्या वॉलेटपर्यंत गेला. त्याच्या मोबाइल अ‍ॅपमधून चाव्यांची माहिती एका देखरेख करणाऱ्या सर्व्हरवर पाठवली जात होती. वापरणाऱ्यांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. आणि चुकीचं अ‍ॅप उतरवून घेणं तर रोजचंच. २०१८ च्या डिसेंबरमध्ये इलेक्ट्रमच्या वापरकर्त्यांना खऱ्या वॉलेटच्याच आत 'अपडेट करा' असा संदेश दिसायला लागला. तो घुसखोर सर्व्हरांकडून येत होता आणि दिलेला दुवा खोट्या इलेक्ट्रमकडे नेत होता. वॉलेट शोधताना शोधयंत्रावर सगळ्यात वर येणारी जाहिरात मी बघतही नाही. बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करते आणि तिथून पुढे जाते.

हार्डवेअर वॉलेट याच दुखण्यावरचा उपाय. प्रागमधल्या सातोशीलॅब्सने २०१४ मध्ये पहिलं ट्रेझर विकायला काढलं, पॅरिसची लेजर कंपनीही त्याच वर्षीची. चावी या छोट्या यंत्रात जन्मते आणि सहसा बाहेर येत नाही. संगणक व्यवहार आत पाठवतो, यंत्र सही करून परत देतं. पाहणाऱ्याला ते पेनड्राइव्हसारखं दिसतं. कोणी सही करायला बसलं की मात्र त्या यंत्राचा सगळा जीव त्याच्या इवल्याशा पडद्यात असतो. संगणकावर पत्ता दिसतोय, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. यंत्राच्या पडद्यावर तोच पत्ता तुकड्या-तुकड्याने येतो, बाजूचं बटण दाबत पुढे न्यायचा आणि ज्याला पैसे द्यायचे त्याने पाठवलेल्या पत्त्याशी शेवटपर्यंत ताडायचा. लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघतात आणि दोन्ही बटणं दाबतात. नेमकं हेच हेरून चोर पहिली-शेवटची अक्षरं जुळणारे पत्ते तयार करतात, त्यावरून नगण्य रक्कम तुमच्याकडे पाठवतात आणि वाट पाहतात की तुम्ही पुढच्या वेळी इतिहासातून तोच पत्ता उचलाल. मे २०२४ मध्ये एका माणसाने असेच सुमारे ६.८ कोटी डॉलर भलत्याला पाठवले. नवलाची गोष्ट म्हणजे चोराशी बोलणी होऊन बरेचसे परत मिळाले. तसं नशीब गृहीत धरू नये.

यंत्र घेतलं की काम संपलं, या समजाला सर्वांत मोठा तडा फेब्रुवारी २०२५ मध्ये गेला. बायबिट या एक्सचेंजची सुमारे दीड अब्ज डॉलरची इथर गेली आणि अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. त्यांच्याकडे एक सोडून अनेक सह्या लागणारी व्यवस्था होती. सह्या करणाऱ्यांना संगणकावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता. पडद्यामागे तो बदललेला होता. सह्या खऱ्या होत्या, म्हणून पैसे गेले. घरगुती पातळीवर हेच 'अप्रूव्हल'च्या रूपाने घडतं. इथेरियमवरची एखादी सेवा वापरताना ती तुमच्या टोकनांवर, म्हणजे इथेरियमवरच्या इतर नाण्यांवर, हात घालायची परवानगी मागते, आणि पुष्कळदा रकमेची मर्यादा न घालता मागते. अशी परवानगी देणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून तो परक्याच्या टेबलावर विसरून येणं. वॉलेट निवडताना म्हणूनच मी एक गोष्ट आवर्जून पाहते: सही करण्याआधी ते मला साध्या भाषेत सांगतं का, की या सहीने काय जाणार आणि कुठे जाणार? जे नुसती अगम्य अक्षरांची रांग दाखवून 'मंजूर' असं हिरवं बटण पुढे करतं, ते नवख्यासाठी नाही.

यंत्र घ्यायचं तर थेट बनवणाऱ्याकडून. डब्यात शब्द आधीच छापून आलेले असतील तर ते यंत्र वापरूच नये, कारण ते शब्द आणखी कोणाला तरी पाठ आहेत. आणि घरचा पत्ता देताना थोडा विचार करावा: २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली, सुमारे २,७०,००० लोकांची नावं, फोन आणि घरचे पत्ते उघड्यावर आले, मग काहींना टपालाने खोटी यंत्रंसुद्धा आली. कोणाकडे क्रिप्टो आहे याची यादी हीच मुळात चोरण्याजोगी वस्तू.

किरकोळ गोष्टी किरकोळीतच सांगते. इथेरियमवर टोकन पाठवायचं तर फीसाठी थोडी इथर हाताशी लागते, नाहीतर पैसे दिसतात पण हलत नाहीत. पाठवणारा आणि घेणारा एकाच नेटवर्कवर आहेत ना, ते विचारून घ्यावं. मोठ्या रकमेआधी छोटी रक्कम पाठवून बघावी.

आत्याचं फोनवरचं वॉलेट सुरळीत चालू लागल्यावर काही दिवसांनी तिने जो प्रश्न विचारला तो तोवर मला कोणा तरुणाने विचारला नव्हता. "मी गेल्यावर हे कोणाला कळणार?" कॅनडातलं क्वाड्रिगासीएक्स हे एक्सचेंज मला तेव्हा आठवलं. डिसेंबर २०१८ मध्ये त्याचा तरुण संस्थापक जेराल्ड कॉटन प्रवासात वारला आणि सांगितलं गेलं की चाव्या फक्त त्यालाच माहीत होत्या. पुढे तपासात निघालं की ती वॉलेटं आधीच रिकामी होती, आणि नियामकांनी या सगळ्याला फसवणूक म्हटलं. पण पहिले काही आठवडे ती गोष्ट लोकांनी खरी मानली, कारण ती खरी असू शकत होती. एका माणसाबरोबर चावी जाते आणि नोंद मात्र ब्लॉकचेनवर सगळ्यांना दिसत राहते.

आम्ही बसून एक पत्र लिहिलं. त्यात शब्द नाहीत. शब्द कुठे आहेत ते आहे, वॉलेटचं नाव आहे, कुठलं नाणं ते आहे, पहिला पत्ता आहे म्हणजे परत आणणाऱ्याला पडताळून पाहता येईल, आणि कोणाची मदत घ्यायची त्या माणसाचं नाव आहे. खाली तिने स्वतःच्या मनाने एक ओळ घातली: "मदत करतो म्हणणाऱ्याला फोन देऊ नये, त्याने शेजारी बसून तोंडाने सांगावं." इतकी नेमकी सूचना मी कुठल्या तज्ज्ञाच्या लेखात वाचलेली नाही.

मल्टिसिगबद्दल मी तिला मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. तीन चाव्या, त्यातल्या कुठल्याही दोन पुरेत, अशी ती मांडणी. एक हरवली तरी चालतं, एक चोरली गेली तरी चालतं, म्हणजे दोन्ही भीतींवर एकदमच हात ठेवल्यासारखं. पण त्यात तिन्ही चाव्यांच्या सार्वजनिक बाजूची, म्हणजे ज्यातून पत्ते बनतात पण सही होत नाही त्या भागाची, नोंदही जपावी लागते, नाहीतर हातात दोन चाव्या असूनही वॉलेट उभं करता येत नाही, आणि हे पहिल्या दिवशी कोणाच्या गळी उतरत नाही. तिने ते कुठेतरी वाचलंच आणि परवा फोन केला. मी सगळं समजावलं. तिने मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली, "पण तिसरी चावी कोणाकडे ठेवायची हे माझं ठरत नाही. ते ठरेपर्यंत आहे तेच राहू दे."